बो आणि बोय

गेल्या महिन्यात आमच्या रोह्याजवळच्या वरसेच्या घरी एक लांबट खोकं आलं. पडद्याचा रॉड मागवलास का, म्हणून मी लेकीला विचारलं. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाली, "आई, बो आहे." खोक्यातून लालसर लाकडाचे दोन तुकडे निघाले. मधल्या पितळी आट्यांनी ते एकमेकांत फिरवले की सहा फुटांची गुळगुळीत काठी तयार. ही जपानी लढाऊ काठी. लेक पंधरा वर्षांची आहे आणि जपानी कार्टून या विषयात तिने जवळजवळ पीएचडी केलेली आहे. 'कार्टून' म्हटलेलंही तिला खपत नाही, ॲनिमे म्हणायचं. मोबाईलवरच्या तिच्या खेळात एक मुलगी अशीच काठी घेऊन फिरते. बाकी सगळ्यांकडे तलवारी आणि आगीचे गोळे असताना हिने काठीच का घेतली, असं मी विचारलं. तिने समजावलं, काठीने डॅमेज कमी होतं, पण ती लांबपर्यंत पोचते.

या विषयातलं मलाही थोडं कळतं, हे तिला पटत नाही. आमच्या लहानपणापासून पडद्यावर काठी दोघांच्याच हातात दिसत आलेली आहे. एक म्हणजे टेकत टेकत चालणारा म्हातारा. त्याला सगळे दुबळा समजतात आणि पाचव्या मिनिटाला पस्तावतात. दुसरा म्हणजे तलवार मोडलेला नायक. तो कोपऱ्यातल्या झाडूचा दांडा उपसतो आणि चाळीस जणांना लोळवतो. ते चाळीस जणही काय शिस्तीचे असतात. एकेक करून पुढे येतात, बाकीचे आपला नंबर येईपर्यंत मागे नुसते नाचत राहतात. एवढी शिस्त मी रेशनच्या दुकानावर कधी पाहिली नाही.

पण 'बो' हा शब्द कानावर पडला की मला आधी काठी आठवत नाही, मासा आठवतो.

आमचं गाव कासू स्टेशनवर उतरून खाडीकडे चालत गेलं की लागतं. बाबा मिठागरावर काम करायचे. पावसाळ्यात मिठागर बंद, तेव्हा भाताची जी थोडी जमीन होती ती आणि खाडीतली मासळी. गावात दोन टीव्ही होते. त्यातल्या एका घरात शनिवारी दुपारी आम्ही पोरं ओटीवर बसून परदेशी मालिका बघायचो. त्यातला एक बुटका साधू मला फार आवडायचा. तो काठी अशी फिरवायचा की हात दिसायचे नाहीत, नुसती भिंगरी दिसायची. पोरं हिंदीत त्याची नक्कल करायची आणि मी आयच्या चुलीजवळची फुंकणी घेऊन परसात फिरवायचे. एकदा ती सुटून कोंबडीला लागली. कोंबडी वाचली, मला मात्र त्याच फुंकणीचा प्रसाद मिळाला.

तेव्हा मी सहावीत होते आणि घरूनच रोज पॅसेंजरने पेणच्या शाळेत जात होते. शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी कराटेचा वर्ग सुरू झाला. सर रोह्याचे. तिथल्या एका कंपनीत केमिस्ट होते, आणि सुट्टीच्या दिवशी गाडीने पेणला येऊन आम्हाला शिकवायचे. शिफ्ट बदलली की वर्ग बुडायचा. फी नाममात्र होती, तरी आय नको म्हणाली. पोरीच्या जातीला लाथा मारायला शिकवून पुढे कोणाच्या घरात देणार, हा तिचा मुद्दा. रविवारी सकाळी बाबांनी मात्र मला स्टेशनपर्यंत सोडलं, आणि त्यातच मला परवानगी समजली.

गणपती झाले त्यानंतरच्या रविवारी गाडी उशिरा आली. मी हॉलमध्ये शिरले तोवर सरांचं सांगून होत आलं होतं. मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं, पुढच्या रविवारी येताना प्रत्येकाने बो आणायचा. बाजूच्या मुलीला विचारायला हवं होतं. पण खाडीकडच्या गावातून येणारी मी एकटीच होते, पेणच्या मुलींना प्रश्न विचारायचा म्हणजे आपण अडाणी आहोत हे आपणच जाहीर करायचं. शिवाय विचारण्यासारखं मला त्यात काही वाटलंच नाही. आमच्या खाडीत बोय मिळते. चंदेरी, लांबट, जाळं पडलं की पाण्याबाहेर उडी मारणारी मासळी. सरांनी बोय आणायला सांगितली आहे, एवढं मला कळलं. 'आणायची' म्हणायचं सोडून 'आणायचा' म्हणाले, पण मोठ्या माणसांच्या चुका काढू नयेत.

घरी येऊन मी तसंच सांगितलं. आयला आश्चर्य वाटलं. पण बाबांचा चेहरा असा उजळला की मी तो अजून विसरलेले नाही. रोह्याचा शिकलेला माणूस, कंपनीत साहेब, आणि त्याने आपल्याकडे काहीतरी मागितलं होतं. आपल्याकडे जे आहे तेच मागितलं होतं. "शहराची माणसा," ते आयला म्हणाले, "त्यांना बोय म्हनता येत नाय नीट. पन खायाला कलते."

त्या आठवड्यात ते रोज भरती-ओहोटीचा हिशेब करत होते. शनिवारी संध्याकाळी पाग, म्हणजे आमच्याकडचं गोल फेकायचं जाळं, खांद्यावर टाकून गेले आणि वितीवितीपेक्षा मोठ्या चार बोय घेऊन आले. रविवारी सकाळी आयने त्या साफ करून, मीठ लावून केळीच्या पानात बांधल्या. पिशवी माझ्या हातात देताना बाबांनी दोनदा बजावलं की बाकावर ठेवू नकोस, वारा लागेल अशी धर.

हॉलमध्ये शिरले तेव्हा तीसेक मुलं ओळीत उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात एक काठी होती. कोणाची वेताची, कोणाची सुताराकडून रंधून आणलेली, एकाने तर मच्छरदाणीची दांडी आणली होती. सर एकेकाची काठी हातात घेऊन तोलून बघत होते. माझ्यापाशी आले आणि पिशवीकडे पाहून म्हणाले, हे काय. मी म्हटलं, "बोय, सर. तुम्ही आणायला सांगितली होती."

पहिल्यांदा कोणीच हसलं नाही. मग मच्छरदाणीच्या दांडीवाला हसला आणि पाठोपाठ सगळा हॉल. सरांनी एका नजरेने सगळ्यांना गप्प केलं. त्यांनी पान उलगडून पाहिलं, छान ताजी आहे म्हणाले, आणि पिशवी स्वतः नेऊन पाण्याच्या पिंपाजवळ गारव्यात ठेवली. वडिलांना माझे आभार सांग, असंही म्हणाले. मग सगळ्यांना उद्देशून त्यांनी पुन्हा सांगितलं की बो म्हणजे आपल्यापेक्षा थोडी उंच, सरळ काठी. जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर गोरगरिबांकडे तलवारी नव्हत्या, तेव्हा ओझी वाहायच्या दांड्याच ते लढायला वापरायचे असं सांगतात. हे सगळं ते आधीच्या रविवारीही बोलले असणार. मी ते कान टवकारून ऐकलं, डोळ्यांतलं पाणी मात्र गालावर येऊ दिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत रोह्याला स्पर्धा होती. ज्याच्याकडे स्वतःची काठी नाही त्याला त्यात उतरता येणार नव्हतं.

परतीच्या गाडीत मी ठरवून टाकलं होतं की घरी खरं सांगायचं आणि बाबांकडून काठी करून घ्यायची. पण बाबा स्टेशनवरच उभे होते. एरवी कधी यायचे नाहीत. पिशवी रिकामी आहे हे त्यांनी आधी बघितलं आणि मग विचारलं, "आवडली का गो सरांना?"

मी म्हटलं, "लय आवडली."

एवढं बोलले आणि अडकले. आता काठी मागायची तर बो म्हणजे काय ते सांगावं लागणार. ते सांगितलं की चार बोय घेऊन गेलेल्या पोरीला सगळा हॉल हसला हे कळणार, आणि आपण शहरातल्या माणसापुढे येडे ठरलो हे बाबांना कायमचं लागणार. ते तसे तापट नव्हते. पण एकदा मिठागराच्या मुकादमाने त्यांना चारचौघांत अडाणी म्हटलं होतं, तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते. मला काठी हवी होती, पण बाबांना न कळता. दिवाळीला पाच रविवार उरले होते.

त्यात आणखी भर म्हणजे बाबांनी मासे देणं सुरूच ठेवलं. उधाणाची भरती साधली की शनिवारी पाग, रविवारी केळीचं पान. मी मुकाट्याने पिशवी नेत होते, सर मुकाट्याने घेत होते. वर्गातल्या मुलांनी माझं नाव 'बोय' ठेवलं. दोन रविवार मी हातात काठी असल्यासारख्या रिकाम्या मुठी फिरवल्या. सर इतरांना म्हणाले की हिची हवेतली काठी तुमच्या खऱ्या काठ्यांपेक्षा सरळ आहे. बरं वाटलं, पण हवेतली काठी घेऊन रोह्याला जाता येत नव्हतं.

आमच्या पडवीच्या आढ्याला पावसाळ्यात मिठागराची अवजारं बांधून ठेवलेली असत. त्यात मीठ ओढायच्या दोन फळ्या होत्या. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला आडवी फळी. उभ्याने मागे ओढत यायचं, म्हणजे वाफ्यातलं मीठ कडेला येतं. खाऱ्या पाण्यात लोखंडी खिळा टिकत नाही, म्हणून दांडा फळीत लाकडी पाचर ठोकून बसवलेला असतो. एक बाबांची, किंजळीच्या लाकडाच्या दांड्याची, त्यांच्या हाताने घासून गुळगुळीत झालेली. दुसरी आजोबांच्या वेळची, आखूड आणि चिरलेली. मी जुनीच काढायचं ठरवलं होतं. एका दुपारी आय-बाबा शेतावर गेल्यावर पिंपावर चढले, सोबत दगड घेतला. मिठाच्या पाण्याने फुगलेली पाचर तासभर ठोकल्याशिवाय निघायची नाही हे मला ठाऊक होतं.

जुन्या फळीची पाचर हललीसुद्धा नाही. बाबांच्या फळीला सहज हात लावून पाहिला तर पाचर बोटांनी निघून आली. मी तो गणपतीचा प्रसाद समजले. जास्त विचार केला नाही, दांडा खाली घेतला, चादरीत गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन हॉलच्या कपाटामागे ठेवून दिला. मीठ काढायला अजून बराच अवकाश होता. स्पर्धा झाली की परत आणून ठोकून बसवू, बाबांना कळणारही नाही, असा माझा बेत होता.

दांडा माझ्यापेक्षा चांगला हातभर उंच होता. तो कापायची माझी छाती झाली नाही. वर्गात त्याला खांब म्हणत. पण तो हातात आला आणि मला पहिल्यांदा कळलं की टीव्हीवरच्या साधूचे हात का दिसत नाहीत. काठी आपण फिरवायची नसते, तिला वाट करून द्यायची असते. दांड्यावर बाबांच्या मुठी जिथे बसायच्या तिथे दोन ठिकाणी लाकूड काळपट आणि जरा खोलगट झालेलं होतं. माझेही हात आपसूक तिथेच जायचे. ते तीन रविवार माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते, हे मला आज कबूल करायला काही वाटत नाही.

रोह्याच्या स्पर्धेचं म्हणाल तर फजिती झाली. मांडवाला पताका लावलेल्या होत्या. दुसऱ्याच फेरीला माझा खांब त्यात अडकला आणि अर्धी माळ परीक्षकांच्या टेबलावर उतरली. लोक हसले, मीही हसले. निडी स्टेशन येईपर्यंत मी आणि पेणच्या दोन मुली हसतच होतो. त्या दिवसापासून त्या मला बोय म्हणाल्या तरी मला लागलं नाही.

दांडा मी घरी आणला आणि संधी साधून फळीत घालून पाचर ठोकली. दुसऱ्या दिवशी पाहते तर दांडा पुन्हा सुटा, दाराच्या मागे उभा. बाबा म्हणाले, पाचर बसत नाही नीट, राहू दे, घरात साप निघाला तर काठी हाताशी बरी. त्या हंगामात ते आजोबांची आखूड फळी घेऊन मिठागरावर गेले. आखूड दांड्याला वाकावं लागतं. उन्हाळाभर संध्याकाळी आय त्यांच्या पाठीला तेल चोळायची आणि नवी फळी करा म्हणून कटकट करायची. ते म्हणायचे, जुनं लाकूड बरं असतं. मला वाटायचं, बरं झालं, काही कळलं नाही.

पुढच्या वर्षी सरांची कंपनीतली शिफ्ट बदलली आणि पेणचा वर्ग बंद पडला. मी शिकले, शिक्षिका झाले, लग्न होऊन रोह्याला आले. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. भावाने घर नवं बांधलं तेव्हा मी फक्त तो दांडा मागून आणला. आता तो आमच्या गॅलरीत दोन हुकांवर आडवा आहे आणि त्याच्यावर कपडे वाळतात.

लेकीची काठी आली त्या रविवारी माझ्या मनात आलं की सरही आता वरसेतच राहतात, हिला त्यांच्याकडे नेऊन आणावं. इतक्या वर्षांत रस्त्यात नमस्कार व्हायचा, पण घरी मी कधी गेले नव्हते. मोकळ्या हातांनी कसं जायचं, म्हणून सकाळी बाजारात गेले, तर कोळणीच्या पाटीत ताज्या बोय. चार घेतल्या.

दार सरांच्या पत्नींनी उघडलं. मी पिशवी पुढे केली आणि म्हटलं, सरांच्या आवडीची बोय आणली आहे. त्यांनी आत पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग आत हाक मारली, "अहो, तुमची पेणची बोय आली." मला म्हणाल्या, अगं, आमच्याकडे मासे कधीच शिजले नाहीत. हे दर रविवारी गाडीतून ती पिशवी आणायचे आणि कंपनीच्या वॉचमनला नेऊन द्यायचे. डबा वासाने भरून जायचा, लोक यांच्यापासून लांब बसायचे.

मला कुठे तोंड लपवावं ते कळेना. सर बाहेर आले, लेकीची काठी तोलून बघितली, तिला दोन हात करून दाखवले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण काठी अजून सरळ फिरते. पडद्यावरचा म्हातारा लेकीला प्रत्यक्ष भेटला होता. चहा आला तेव्हा मी म्हटलं, सर, तुम्ही तेव्हाच नको म्हणायचं होतं, मी बाबांना काहीतरी सांगितलं असतं.

सरांनी कप खाली ठेवला. नको म्हणणार होतो, म्हणाले, पण तिसऱ्याच रविवारी तुझे वडील मला पेण स्टेशनवर भेटले. बाजाराला आले होते. वर्गातल्या पोरांना काठ्या घेऊन जाताना पाहिलं आणि एकाला विचारलं, तर तो म्हणाला हा बो. तू आधीच्या गाडीने वर्गात गेली होतीस. माझी गाडी येईपर्यंत ते थांबले आणि बो म्हणजे नक्की काय ते मला विचारलं. मी सांगितलं, ओझी वाहायची दांडी. तर म्हणाले, मग हे आमच्यासारख्या कामकऱ्यांचंच हत्यार आहे की. लांबी किती लागते, लाकूड कोणतं चालेल, सगळं विचारून घेतलं. मी म्हटलं, बरं झालं, आता मुलीला सांगा आणि ते मासे पाठवायचा त्रास घेऊ नका.

"तर त्यांनी माझा हात धरला," सर म्हणाले. "मला शब्द न् शब्द आठवतो. म्हणाले, 'तिना माजी लाज राखलीय, सर. मना कललाय ह्या तिला सांगू नका. काठीचा मी बगतो, तुमी बोय घेत जावा.'"

बोटांनी निघून आलेली ती पाचर मला दिसत होती. पिंपावर चढून त्यांनीच ती आधी ठोकून सैल करून ठेवली असणार. आणि सैल केली ती जुन्या चिरलेल्या दांड्याची नाही, स्वतःच्या हातातल्या चांगल्या दांड्याची. साप तर आमच्या घरात कधी निघालाच नाही.

घरी येताना लेकीने विचारलं की आजोबांना माहीत होतं तर मग ते पुढेही मासे का देत राहिले. मी गॅलरीतले कपडे काढले, दांडा खाली घेतला आणि तिच्या हातात दिला. तिने तो दोनदा तोलला आणि तिचे हात आपसूक त्या काळपट खोलगट जागी गेले.

मला स्टेशन आठवत होतं. पहिल्या रविवारनंतरही ते दर वेळी तिथे उभे राहायचे, रिकाम्या पिशवीत डोकावायचे आणि अगदी तोच प्रश्न विचारायचे, "आवडली का गो सरांना?" मीही दर वेळी तोंड वर करून सांगायचे, "लय आवडली." आपलं खोटं पचलं, म्हणून मी मनातल्या मनात खूश व्हायचे. ते पुढे चालायला लागायचे आणि मी मागून. मला कळलं नव्हतं की ते एवढं ऐकण्यासाठीच घरापासून चालत आलेले असायचे.